अमेरिकेतील महामार्ग-क्रमांकफलक आणि घटकराज्याचे नाव (१९२६-१९६१)

प्रस्तावना

रस्त्यांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा बांधकाम, खर्च व वाहतूक यांकडे जाते. रस्त्याच्या कडेचा क्रमांकफलक मात्र उपेक्षित राहतो. वस्तुतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा फलक म्हणजे केंद्र व घटकराज्ये यांच्यातील अधिकारवाटपाचा पत्र्यावर उमटलेला दस्तऐवज होय. १९२६ च्या फलकावर सर्वांत वर राज्याचे नाव होते. १९६१ च्या राष्ट्रीय नमुन्यातून ते वगळले गेले. ते तेथे का आले व का गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नावांचे रस्ते

क्रमांक येण्यापूर्वी अमेरिकेतील लांब पल्ल्याचे रस्ते नावांनी ओळखले जात. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या लिंकन हायवे असोसिएशनने विजेच्या व टेलिफोनच्या खांबांवर तांबडा, पांढरा व निळा असे पट्टे रंगवून त्यांत 'एल' हे अक्षर काढले. अशा खाजगी संस्था पुढे इतक्या वाढल्या की १९२५ पर्यंत नावांच्या रस्त्यांची संख्या अडीचशेच्या वर गेली. एकाच खांबावर चार-पाच संस्थांचे पट्टे असत. रस्ता कोणत्या गावावरून न्यायचा हे पुष्कळदा तेथील व्यापाऱ्यांच्या वर्गणीवर ठरे. थोडक्यात, खुणेची मालकी खाजगी होती आणि प्रवासी तिच्या भरवशावर होता. या गोंधळावर पहिला उपाय एका राज्याने केला. विस्कॉन्सिनने १९१८ मध्ये आपल्या राज्यमार्गांना क्रमांक देऊन त्रिकोणी फलक लावले.

ढालीचा जन्म

१९२५ मध्ये कृषिमंत्र्यांनी संयुक्त मंडळ नेमले. (त्या काळी रस्ते-विभाग कृषी खात्यात होता, शेतमाल बाजारात नेण्याचा प्रश्न हेच केंद्राच्या रस्तेविषयक आस्थेचे एक मूळ होते.) मंडळात राज्यांचे २१ व केंद्राचे केवळ ३ अधिकारी होते. हे प्रमाण ध्यानात घेतल्याशिवाय फलकाची रचना उलगडत नाही. मिशिगनचे महामार्ग आयुक्त फ्रँक रॉजर्स यांनी राष्ट्रीय बोधचिन्हातील ढालीवरून एक रेखाटन केले व केंद्रीय विभागाचे अभियंता ई. डब्ल्यू. जेम्स यांनी त्याला अंतिम रूप दिले. पांढऱ्या ढालीवर काळी अक्षरे, वर राज्याचे नाव, खाली आडवी रेघ, तिच्याखाली 'यू एस' ही अक्षरे व क्रमांक, अशी ही मांडणी होती.

'यू एस' या अक्षरांवरून रस्ता केंद्राचा असावा असा समज होतो. तो चुकीचा आहे. १९१६ च्या कायद्याने केंद्र अनुदान देऊ लागले, तरी रस्ते राज्यांचेच राहिले. क्रमांकही केंद्राने नव्हे, तर राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने ११ नोव्हेंबर १९२६ रोजी मंजूर केले. सुमारे ९६ हजार मैलांचे हे जाळे म्हणजे राज्यांचा आपसांतील करार होता. ढालीच्या माथ्यावरील नाव रस्त्याचा धनी कोण हे सांगत होते.

क्रमांकही तितकेच जिव्हाळ्याचे ठरले. शून्याने संपणारे क्रमांक पूर्व-पश्चिम जाणाऱ्या प्रमुख मार्गांसाठी राखीव होते. शिकागो-लॉस एंजेलिस मार्गाला ६० हा क्रमांक मिळताच केंटकीचे राज्यपाल विल्यम फील्ड्स यांनी, आपल्या राज्याच्या वाट्याला असा एकही मार्ग नाही, अशी तक्रार केली. अखेर ओक्लाहोमाचे सायरस एव्हरी व मिसूरीचे अधिकारी यांनी एप्रिल १९२६ मध्ये ६६ वर समाधान मानले. पुढे हाच क्रमांक जगप्रसिद्ध झाला.

नामसंस्थांचा पराभव मात्र पूर्ण होता. लिंकन हायवे अनेक क्रमांकांत विभागला गेला. १९२८ मध्ये बालवीरांकरवी त्या मार्गावर दोन हजारांहून अधिक काँक्रीटचे स्मृतिखांब रोवण्यात आले. जाणाऱ्या नावाचा हा शेवटचा निरोपच म्हणावा लागेल.

वेग आणि अक्षर

१९२६ च्या फलकापुढील वाहनचालक बराच सावकाश जात होता. वेग वाढला तशी रेघेवरची बारीक अक्षरे निरुपयोगी होत गेली. मिसूरीतून जाणाऱ्याला आपण मिसूरीत आहोत हे सांगण्याची निकड नव्हती. निकड होती ती वळणापूर्वी क्रमांक दिसण्याची. १९६१ च्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेने काळ्या चौकोनावर पांढरी ढाल व तीत केवळ क्रमांक असा नमुना दिला. राज्याच्या नावाबरोबर 'यू एस' ही अक्षरेही गेली. वाचनीयतेने राज्य व केंद्र या दोघांनाही एकाच वेळी बाजूला सारले, ही बाब अभ्यासकांनी फारशी अधोरेखित केलेली नाही.

याउलट आंतरराज्यीय महामार्गांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९५६ च्या कायद्यानुसार त्यांच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्राने उचलला. त्यांची तांबडी-निळी ढाल १९५७ मध्ये स्वीकारली गेली. टेक्ससचे अभियंता रिचर्ड ऑलिव्हर यांचा आराखडा व मिसूरीचा आराखडा यांच्या संयोगातून ती सिद्ध झाली. १९६७ मध्ये तिची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीही झाली. जुन्या क्रमांकांशी घोटाळा होऊ नये म्हणून येथे क्रम उलटा, दक्षिणेकडून उत्तरेकडे व पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढता ठेवला गेला. (भारतानेही २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांना दिशेनुसार नवे क्रमांक दिले, मुंबई-गोवा मार्ग १७ चा ६६ झाला, तरी लोकांच्या बोलण्यात जुना क्रमांक बराच काळ टिकला.) ज्या रस्त्यांवर केंद्राचा पैसा सर्वाधिक होता, त्यांच्याच ढालीवर राज्याच्या नावाला जागा मिळाली. पैसा देणाऱ्याने मालकीचा मान राज्याकडे राहू दिला, असाच याचा अर्थ लावावा लागतो. पुढे अनेक राज्यांनी हे नावही स्वतःहून गाळले.

राज्ये मुकाट्याने एकरूप झाली असेही नाही. फ्लोरिडाने १९५० च्या दशकापासून प्रत्येक 'यू एस' मार्गाच्या ढालीला वेगळा रंग दिला. अनोळखी प्रवाशाला रंगावरून मार्ग धरता येई, त्यामुळे ही पद्धत सोयीची होती. १९९० च्या दशकात केंद्राने अशा फलकांसाठी निधी देण्यास नकार दिल्यावर ती मागे पडली. कॅलिफोर्नियात मात्र 'यू एस' अक्षरांसह ढालीच्याच आकारात कापलेला पत्रा आजही लावला जातो.