शक्ती नसलेल्या मुलाचं काय करायचं?

सुपरहिरोंचा इतिहास सांगताना आपण नेहमी शक्ती कुणाकडे आहे तेच बघतो. कोण उडतो, कोण भिंत चढतो, कुणाला गोळी लागत नाही. आज आपण जरा उलट्या बाजूने बघू. ज्याच्याकडे काहीच नाही असा एक साधा पोरगा या गोष्टींत पहिल्यापासून आहे. तो तिथे कशाला आला? आणि त्याचं काय करायचं, हे कुणी ठरवलं?

सुरुवात १९४० सालापासून करू. बॅटमॅन येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याचे लेखक बिल फिंगर यांची अडचण अगदी साधी होती. बॅटमॅन एकटा, मग तो बोलणार कुणाशी? शेरलॉक होम्सला वॉटसन असतो तसं याला कुणीतरी हवं. म्हणून ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या अडतिसाव्या अंकात रॉबिन आला. सर्कशीतला अनाथ मुलगा, डिक ग्रेसन. अंगात चपळाई होती, पण शक्ती म्हणाल तर शून्य. वाचणाऱ्या मुलांना गोष्टीत शिरायला एक दार मिळालं. खपही चांगलाच वाढला आणि मग काय, जो तो आपल्या नायकाशेजारी एक पोरगा उभा करू लागला. १९४१ला कॅप्टन अमेरिका आला तो पहिल्याच अंकात बकी नावाच्या पोराला सोबत घेऊन.

इथे एक गोष्ट लक्षात घेऊ. हा मुलगा मुलांसाठी आणला, पण मोठ्या माणसांच्या सोयीने आणला.

ही सोय पुढे अंगाशी आली. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आलं. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, असं त्यांचं म्हणणं. बॅटमॅन आणि रॉबिन एका घरात राहतात, यात त्यांना समलैंगिक संबंधांची सूचना दिसली. त्या काळच्या अमेरिकेत हा आरोप म्हणजे केवढी मोठी गोष्ट! त्याच वर्षी सिनेटच्या समितीपुढे कॉमिक्सची सुनावणी झाली, आणि वर्ष संपायच्या आत प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ नावाची नियमावली लादून घेतली. रॉबिनच्या बाजूने बोलणारं कोण होतं? ज्यांच्या नावाने हे सगळं चाललं होतं त्या मुलांना कुणी फारसं विचारलंच नाही.

१९६२ साली वळण आलं. स्टॅन ली यांना हे शेपटासारखे मागे फिरणारे पोरगे मुळीच आवडत नसत. त्यांनी आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन आणला, म्हणजे पोरालाच नायक केलं. पण बघा, त्यासाठी त्याला कोळी चावावा लागला! साधा राहून पीटर पार्करला नायक होता आलं नाही. त्याच वर्षीच्या ‘हल्क’मध्ये रिक जोन्स आहे. पैज मारून बॉम्बच्या चाचणीच्या जागेत गाडी घालतो. त्याला वाचवायला ब्रूस बॅनर धावतो आणि हल्क होतो. म्हणजे शक्ती दुसऱ्याला मिळाली आणि साध्या पोराच्या वाट्याला आली अपराधाची भावना.

आता १९८८. ही या इतिहासातली सगळ्यात विचित्र घटना म्हणावी लागेल. तेव्हाचा रॉबिन होता जेसन टॉड, जरा उद्धट, अनेक वाचकांना नकोसा. जोकरने घडवलेल्या स्फोटात तो सापडतो आणि अंक तिथेच थांबतो. वाचकांना दोन फोन नंबर दिले. एकावर फोन केला तर तो जगणार, दुसऱ्यावर केला तर मरणार. एका फोनला पन्नास सेंट. मरावा म्हणणारे फोन ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. अवघ्या ७२ फोनांचा फरक, आणि पुढच्या अंकात पोरगा मेला. आत्तापर्यंत संपादक ठरवत, मग समाजाचे पालक ठरवू लागले, आणि आता गिऱ्हाईक.

आपल्याकडे बघायचं तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवतोच. फुरसुंगीचा बनेश, सायकल आणि डोकं एवढंच भांडवल. पण त्याच्या जगात उडणारं कुणी नाही. त्यामुळे त्याला ‘साधा’ म्हणायला शेजारी मापच नाही. रॉबिनचं दुखणं ते आहे. शेजारी कायम कुणीतरी मोठा उभा.

या पार्श्वभूमीवर २०२०ची एक अमेरिकन कादंबरी आपण बघू. टी. जे. क्लून यांची ‘द एक्स्ट्रॉऑर्डिनरीज’, म्हणजे ज्याला तिकडे ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणतात त्या वयाच्या वाचकांसाठीची. निक बेल सोळा वर्षांचा आहे. आई गेलेली, वडील पोलिसात, आणि एडीएचडीमुळे मन एका जागी ठरत नाही. शहरात खरे सुपरहिरो आहेत, निककडे काही नाही. शक्ती मिळवायचे त्याचे खटाटोप वाचून हसू येतं, आणि थोडं पोटातही तुटतं. तो समलैंगिक आहे आणि एका सुपरहिरोच्या प्रेमात आहे. ज्या गोष्टीवरून १९५४ साली गहजब झाला ती इथे मुलगा स्वतःच्या तोंडाने, विनोद करत सांगतो. त्याच्या बापालाही त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही.

आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा तपशील हा, की निक लिहितो. आपल्या लाडक्या हिरोवर स्वतः रचलेल्या गोष्टी, ज्याला फॅनफिक्शन म्हणतात. त्याच्या गोष्टीत काय घडावं हे पहिल्यांदा तो ठरवतो. तो चुकतोही भरपूर. ज्याला देव मानतो त्याच्याबद्दल चुकतो, शेजारी बसणाऱ्या मित्राला ओळखायलाही चुकतो. गोष्ट फोडत नाही, वाचा. पण चुका त्याच्या आहेत, फोन करणाऱ्यांच्या नाहीत.

अर्थात ही कादंबरीही एका मोठ्या माणसानेच लिहिली आहे, हे विसरायचं नाही. मग खरंच पेन मुलाच्या हातात गेलं का? की त्याच्या हातात दिल्यासारखं आपल्याला वाटतंय? समोर बसलेल्यांपैकी जे पंधरा-सोळा वर्षांचे आहेत, त्यांनी आधी बोलावं. आपण मोठे जरा नंतर बोलू.