निजामाच्या राज्यातले विनोदी मूकपट

हैदराबादच्या लोटस फिल्म कंपनीचे मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. उरली आहेत ती नावे: ‘इंद्रजित’, ‘हर गौरी’, ‘लेडी टीचर’, ‘साधू और शैतान’, ‘द मॅरेज टॉनिक’. पुराण आणि प्रहसन एकाच मांडवात! मूकपटांच्या याद्यांत ही नावे १९२२-२३ च्या सुमारास दाटीने येतात आणि मग एकाएकी थांबतात. ती का थांबली, हे कंपनी चालवणाऱ्या धीरेंद्रनाथ गांगुलींच्या चरित्रातून कळते.

गांगुली (१८९३-१९७८), म्हणजे बंगाली चित्रसृष्टीतले ‘डी. जी.’, शांतिनिकेतनात शिकले आणि हैदराबादला चित्रकलेचे शिक्षक झाले. त्यांच्या अभिनयाचा भक्कम पुरावा कागदावरचा आहे. १९१५ च्या ‘भावेर अभिव्यक्ति’ या छायाचित्रांच्या पुस्तकात सगळी सोंगे त्यांनीच वठवली, बायकांचीसुद्धा. मूकपटातल्या दुय्यम विनोदी नटाला संवादाचा आधार नसे. मिशी, पदर, चाल आणि चेहरा एवढ्या भांडवलावर त्याला क्षणात माणूस उभा करावा लागे. गांगुलींनी अशी किती माणसे एकट्याने उभी केली, ते या पुस्तकात दिसते. वेषांतरात ते इतके तरबेज, की पुढे गुप्त पोलिसांनाही त्यांनी धडे दिले.

हे पुस्तक त्यांनी कोलकात्याच्या जे. एफ. मदन यांना पाठवले. मग मदन यांचे व्यवस्थापक नीतीश लाहिरी यांच्या साथीने इंडो-ब्रिटिश फिल्म कंपनी निघाली आणि १९२१ मध्ये ‘बिलेत फेरत’ झळकला. विलायतेहून परतलेल्या बाबूची ती टिंगल. बाबू अर्थात गांगुलीच. फाळक्यांचा ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी पट पौराणिक खेळाला जोडून दाखवला गेला होता; इथे विनोद हाच मुख्य खेळ झाला.

त्यानंतर निजामाच्या आश्रयाने हैदराबादेत लोटस कंपनी, स्टुडिओ आणि दोन चित्रपटगृहे उभी राहिली. १९२४ मध्ये गांगुलींनी मुंबईत तयार झालेला ‘रझिया बेगम’ तिथे दाखवला. त्यात रझिया आणि एका हिंदू प्रजाजनाचे प्रेम होते. निजामाने त्यांना संस्थान सोडायला लावले. स्वतः न काढलेल्या चित्रपटापायी त्यांचा हैदराबादचा सगळा डाव मोडला, हे मला त्यांच्या कुठल्याही प्रहसनापेक्षा विचित्र वाटते. १९७५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तो कोलकात्यातल्या पुढच्या दीर्घ कामगिरीनंतर.

मराठवाडाही तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. तिथल्या जुन्या घरांत त्या काळचे हस्तपत्रक किंवा तिकीट सापडले, तर ते रद्दीत न घालता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला जरूर कळवा.