होबी बिलिंग्जली : डायव्हर घडवणारा गुरू

होबार्ट ऊर्फ होबी बिलिंग्जली (२ डिसेंबर १९२६ – १६ जुलै २०२२) हे अमेरिकेतील ख्यातनाम डायव्हिंग प्रशिक्षक होत. इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात त्यांनी १९५९ ते १९८९ अशी तीस वर्षे विद्यार्थ्यांना सूर मारण्याची कला शिकवली. विद्यार्थिदशेत ते स्वतः राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन विजेते होते. ऑलिंपिकमध्ये स्पर्धक म्हणून उतरण्याचा योग मात्र त्यांना कधीच आला नाही. पुढे त्यांच्या शिष्यांनी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळवली. अंगभूत धाडस आणि निरीक्षण ह्यांच्या बळावर चालणाऱ्या ह्या खेळात प्रत्येक हालचालीचे कारण शोधणे आणि ते शिष्याला समजेल अशा भाषेत सांगणे, हे बिलिंग्जली ह्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य मानले जाते.

खेळाची ओळख

आपल्याकडे खेड्यापाड्यांतील मुले विहिरीच्या काठावरून सूर मारतात, मुटके मारतात. डायव्हिंग हे त्याच हौसेचे शिस्तबद्ध रूप होय. ऑलिंपिकमध्ये तीन मीटर उंचीवरील लवचीक फळीवरून (स्प्रिंगबोर्ड) आणि दहा मीटर उंचीच्या पक्क्या मंचावरून (प्लॅटफॉर्म) अशा दोन प्रकारच्या स्पर्धा होतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धांत एक मीटरच्या फळीचाही समावेश असतो.

दहा मीटर उंचीवरून उडी घेतल्यापासून पाण्यात शिरेपर्यंत स्पर्धकाच्या हाती जेमतेम पावणेदोन सेकंद असतात. पाण्याला स्पर्श होतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. एवढ्या अवधीत कोलांट्या आणि गिरक्या पूर्ण करून, शरीर सरळ रेषेत आणून, पाणी फारसे न उडवता आत शिरायचे असते. पंच शून्य ते दहा ह्या दरम्यान गुण देतात. त्यांतील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळले जातात, आणि उरलेल्यांच्या बेरजेला त्या उडीच्या काठिण्यांकाने गुणले जाते. म्हणून अवघड उडी घेण्याचे धाडस आणि ती निर्दोष पार पाडण्याची क्षमता ह्यांचा मेळ प्रत्येक स्पर्धकाला घालावा लागतो.

अमेरिकन विद्यापीठांत पोहणे आणि डायव्हिंग ह्यांचा संघ एकच असतो, आणि दोहोंचे गुण सांघिक विजेतेपदासाठी एकत्र मोजले जातात. प्रशिक्षक मात्र सहसा वेगवेगळे असतात. जलतरणाच्या प्रशिक्षकाचे नाव लोकांच्या तोंडी असते. डायव्हिंगचा प्रशिक्षक तलावाच्या दुसऱ्या टोकाला, मोजक्या विद्यार्थ्यांसह, पुष्कळदा प्रसिद्धीपासून दूर राहून आपले काम करीत असतो.

स्पर्धक म्हणून कारकीर्द

बिलिंग्जली ह्यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईरी ह्या शहरी झाला. त्यांचे बालपण महामंदीच्या आणि तारुण्याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गेली. ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांना माइक पेपी हे नामांकित प्रशिक्षक लाभले. डायव्हिंगच्या क्षेत्रात त्या काळी ह्या विद्यापीठाचा दबदबा होता. १९४५ साली, विद्यापीठातील पहिल्याच वर्षी, बिलिंग्जली ह्यांनी एक मीटर आणि तीन मीटर ह्या दोन्ही फळ्यांवरील राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन विजेतेपदे पटकावली. तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते.

परंतु काळ त्यांना अनुकूल नव्हता. युद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक रद्द झाली होती. नंतर लष्करी सेवेमुळे त्यांच्या शिक्षणात खंड पडला. ते परतले तेव्हा ओहायो स्टेटच्या संघात मिलर अँडरसन आणि ब्रूस हार्लन हे दोन असामान्य डायव्हर होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तीन मीटर फळीवर हार्लन ह्यांना सुवर्ण, अँडरसन ह्यांना रौप्य आणि कॅलिफोर्नियाचे सॅमी ली ह्यांना कांस्य मिळाले. तिन्ही पदके अमेरिकेची. ज्या देशाचे तीनही स्पर्धक जगातील पहिले तिघे ठरतात, त्या देशाच्या संघात चौथ्याला जागा नसते.

ब्रूस हार्लन पुढे मिशिगन विद्यापीठाचे डायव्हिंग प्रशिक्षक झाले. १९५९ साली एका प्रात्यक्षिकानंतर डायव्हिंगचा मनोरा उतरवताना उंचावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी बिलिंग्जली इंडियाना विद्यापीठात रुजू झाले. त्यापूर्वी पाण्यावरील विनोदी कसरतींच्या कार्यक्रमांतही त्यांनी भाग घेतला होता. चुकल्यासारखे भासवत नेमकी उडी मारणे, हे त्या कसरतींचे मर्म. आपले शरीर हवेत कुठे आहे ह्याचे अचूक भान असल्याशिवाय ते साधत नाही.

न्यूटनचे नियम आणि फळी

इंडियाना विद्यापीठात त्या वेळी जेम्स ‘डॉक’ कौन्सिलमन हे जलतरणाचे मुख्य प्रशिक्षक होते. पोहणाऱ्याच्या हातापायांच्या हालचालींचा शास्त्रीय अभ्यास करणारे म्हणून त्यांची ख्याती होती. बिलिंग्जली ह्यांनी डायव्हिंगच्या बाबतीत तोच मार्ग धरला. ‘डोके फेक’, ‘हात झटक’, ‘जोर लाव’ अशा सूचना प्रशिक्षक पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते. त्यांतल्या काही लागू पडत, काही पडत नसत. मात्र का, हे सांगता येत नसे. बिलिंग्जली ह्यांनी न्यूटनच्या गतिविषयक नियमांच्या आधारे ह्या प्रश्नाची उत्तरे मांडली.

त्यांतील मूळ तत्त्व साधे आहे. डायव्हर पायांनी फळीला खाली दाबतो, आणि फळी तेवढ्याच बळाने त्याला वर ढकलते. हा क्रिया–प्रतिक्रियेचा नियम होय. कोलांटीसाठी लागणारी फिरकी शरीराला मिळते तीही पाय फळीवर असतानाच. एकदा पाय सुटले की ती वाढवता येत नाही, कारण हवेत टेकू देणारे काहीच नसते. मात्र फिरण्याची गती बदलता येते. गुडघे छातीशी घेऊन शरीराचा गोळा केला की ते वेगाने फिरते. शरीर लांब केले की गती मंदावते. पाण्यात शिरण्यापूर्वी डायव्हर अंग ताणतो ते ह्यासाठीच. गिरकीचे गणित थोडे वेगळे आहे. कोलांटी चालू असताना एक हात वर आणि दुसरा खाली नेला की शरीर किंचित कलते, आणि त्या कलण्यातून हवेतच गिरकी सुरू करता येते.

ह्या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग मोठा होता. कोलांटी अपुरी राहिली तर विद्यार्थी स्वाभाविकपणे शेवटच्या क्षणाला दोष देतो आणि पुढच्या वेळी हवेत अधिक धडपड करतो. प्रशिक्षक मात्र त्याला फळीवरच्या शेवटच्या पावलाकडे परत नेतो, कारण चूक तिथेच झालेली असते. शिवाय ज्याला कारण कळते त्याची भीतीही कमी होते. दहा मीटरवरून पाठीवर किंवा पोटावर आपटलेल्या मुलाला ‘घाबरू नकोस’ असे सांगून भागत नाही. काय चुकले आणि काय केले म्हणजे पुन्हा तसे होणार नाही, हे त्याला कळावे लागते. बिलिंग्जली ह्यांचे ‘डायव्हिंग इलस्ट्रेटेड’ हे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले.

शिष्यांचे यश

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकने बिलिंग्जली ह्यांचे नाव जगभर पोहोचवले. त्यांच्या हाताखाली तयार झालेली सतरा वर्षांची लेस्ली बुश दहा मीटर मंचावरील स्पर्धेत उतरली. ह्या प्रकारात १९६० ची विजेती, जर्मनीची इन्ग्रिड क्रेमर, पुन्हा जिंकणार अशी अपेक्षा होती. बुश हिने तिला मागे टाकून सुवर्णपदक मिळवले. त्याच ऑलिंपिकमध्ये इंडियानाचे एकोणीस वर्षांचे केन सिट्झबर्गर तीन मीटर फळीवर विजयी झाले. १९४८ साली ज्या स्पर्धेत बिलिंग्जली ह्यांना स्थान नव्हते, तिचे सुवर्णपदक सोळा वर्षांनी त्यांच्या शिष्याच्या गळ्यात पडले.

१९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये इंडियानाचेच जिम हेन्री (तीन मीटर फळी) आणि विन यंग (दहा मीटर मंच) ह्यांना कांस्यपदके मिळाली. त्याच वर्षापासून १९७३ पर्यंत इंडियाना विद्यापीठाने सलग सहा वेळा राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन सांघिक विजेतेपद जिंकले. मार्क स्पिट्झसारख्या जलतरणपटूंमुळे तो संघ गाजला. पण त्या विजयांच्या बेरजेत डायव्हरांचे गुणही होते.

सिंथिया पॉटर ह्यांची कथा ह्या प्रशिक्षणाची दुसरी बाजू दाखवते. त्या इंडियानात आल्या तेव्हा राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन संघटना महिलांसाठी स्पर्धा भरवतच नसे. तशा स्पर्धा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाल्या. अशा काळात बिलिंग्जली ह्यांच्याकडे शिकून पॉटर ह्यांनी २८ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी सरावात दुखापत झाल्यामुळे त्यांची पदकाची संधी हुकली. चार वर्षांनी माँट्रियल येथे त्यांनी तीन मीटर फळीवर कांस्यपदक मिळवले. पुढे त्या स्वतः प्रशिक्षक झाल्या आणि दूरचित्रवाणीवर ह्या खेळाच्या समालोचक म्हणून परिचित झाल्या.

मार्क लेन्झी : पदक आणि त्यानंतर

बिलिंग्जली ह्यांच्या अखेरच्या शिष्यांपैकी मार्क लेन्झी (१९६८–२०१२) हे मूळचे कुस्तीगीर. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ग्रेग लुगॅनिस ह्यांना दूरचित्रवाणीवर पाहून त्यांनी डायव्हर होण्याचे ठरवले. कुस्ती सोडण्यास घरून विरोध झाला, तरी ते बधले नाहीत. ह्या खेळात बहुतेक मुले लहानपणीच येतात; लेन्झी तेव्हा सोळा वर्षांचे होते. बिलिंग्जली ह्यांनी त्यांना इंडियानात घेतले. १९८९ आणि १९९० मध्ये लेन्झी एक मीटर फळीवरील राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन विजेते ठरले. १९९१ मध्ये एकाच उडीला शंभरहून अधिक गुण मिळवणारे ते पहिले डायव्हर झाले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्यांनी तीन मीटर फळीवर सुवर्णपदक जिंकले. बिलिंग्जली त्यापूर्वीच, १९८९ साली, विद्यापीठातून निवृत्त झाले होते.

सुवर्णपदकानंतरचा काळ लेन्झी ह्यांना जड गेला. नैराश्याशी झालेल्या झुंजीविषयी ते उघडपणे बोलत. काही काळ खेळापासून दूर राहून ते परतले आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. पुढे त्यांनी आपल्या गुरूंचाच व्यवसाय पत्करला आणि ईस्ट कॅरोलायना विद्यापीठात डायव्हिंगचे प्रशिक्षक म्हणून काम केले. ९ एप्रिल २०१२ रोजी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ह्या घटनाक्रमाचा विचार प्रत्येक क्रीडाशिक्षकाने आणि पालकाने करावा असा आहे. डायव्हरची सारी तपश्चर्या काही सेकंदांसाठी असते. त्यानंतरचे आयुष्य दशकांचे असते. जिंकल्यावर पुढे काय, ह्याचे उत्तर कोणत्याही काठिण्यांकात सापडत नाही. विद्यार्थ्याला केवळ स्पर्धेसाठी घडवायचे की स्पर्धा संपल्यावर उभे राहण्यासाठीही, हा प्रश्न महाविद्यालयीन प्रशिक्षकापुढे अधिक तीव्रतेने येतो, कारण विद्यार्थी त्याच्याकडे येतो तो घडणीच्या ऐन वयात.

प्रशिक्षकांची संघटना आणि सन्मान

डायव्हिंगच्या प्रशिक्षकांना स्वतंत्र व्यासपीठ असावे, अनुभवाची देवाणघेवाण व्हावी, ह्या हेतूने बिलिंग्जली ह्यांनी प्रशिक्षकांना संघटित केले. जागतिक डायव्हिंग प्रशिक्षक संघटनेचे ते संस्थापक होत. एकाने शोधलेली युक्ती दुसऱ्यापासून लपवण्याची वृत्ती स्पर्धेच्या जगात असतेच. बिलिंग्जली ह्यांनी आपले ज्ञान पुस्तकात मांडून सर्वांसाठी खुले केले.

१९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण सन्मान दालनात त्यांचा समावेश करण्यात आला. ब्लूमिंग्टन येथील विद्यापीठाच्या जलक्रीडा केंद्राला कौन्सिलमन आणि बिलिंग्जली ह्या दोघांची नावे देण्यात आली. तलावाच्या दोन टोकांना काम करणारे दोन सहकारी असे एकाच वास्तूच्या नावात एकत्र आले.

१९ जुलै १९९६ रोजी अटलांटा ऑलिंपिकच्या उद्घाटन समारंभात सर्व पंचांच्या वतीने निःपक्षपातीपणाची शपथ घेण्याचा मान बिलिंग्जली ह्यांना मिळाला. ही शपथ ऑलिंपिकमध्ये १९७२ पासून घेतली जाते. स्पर्धक म्हणून जे मैदान त्यांना मिळाले नव्हते, तिथे वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी ते जगभरच्या पंचांचे प्रतिनिधी म्हणून उभे राहिले.

१६ जुलै २०२२ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, होबी बिलिंग्जली ह्यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांचे अनेक विद्यार्थी प्रशिक्षक झाले आणि अमेरिकेतील विविध विद्यापीठांत त्यांनी हा वारसा पुढे नेला. आज एखादा प्रशिक्षक फळीच्या टोकाशी उभ्या असलेल्या मुलाला हवेतल्या धडपडीऐवजी पायाखालच्या फळीकडे लक्ष द्यायला सांगतो, तेव्हा बिलिंग्जली ह्यांनी मांडलेलेच तत्त्व तो शिकवत असतो.