व्हिएतनाम: विधी, नाते आणि बाजार

व्हिएतनामचा बौद्ध समाज समजून घ्यायचा असेल, तर विहारापुरते पाहून चालत नाही. तिथल्या गावांत आणि बाजारांत राहून मानवशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास सांगतो, की विधी, नाते आणि व्यापार तिथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

व्हिएतनामी बोलण्यात ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या जागी सहसा नात्याचे शब्द येतात. अनोळखी गिऱ्हाईकही ताई किंवा काका ठरते. ॲन मेरी लेश्कोविच यांनी हो चि मिन्ह शहरातील बेन थान्ह बाजारातल्या विक्रेत्या स्त्रियांचा अभ्यास केला (पुस्तक २०१४). १९७५ नंतर समाजवादी राजवट व्यापाऱ्यांकडे संशयाने पाहत होती. तेव्हा ‘आमचा घरचा छोटा धंदा’ ही ओळख या स्त्रियांना उपयोगी पडली. बाक निन्ह येथे तर व्यापारी वर्षारंभी भांडाराच्या देवीकडून भांडवल ‘उसने’ मागतात आणि वर्षअखेरीस ते फेडायला जातात.

शॉन मालार्नी यांनी हनोईजवळच्या थिन्ह लिएत येथे अभ्यास केला (पुस्तक २००२). क्रांतीनंतर सरकारने मृतांसाठी कागदी वस्तू जाळणे आणि मोठ्या जेवणावळी यांना अंधश्रद्धा व उधळपट्टी ठरवले. युद्धात पडलेल्यांना हुतात्मा म्हणून गौरवले. पण मृताचे पुढे काय, या घरच्यांच्या प्रश्नाला सरकारी समारंभात उत्तर नव्हते. कुटुंबांनी ते आपल्या विधींत शोधले. १९८६ च्या ‘दोई मोई’ सुधारणांनंतर अनेक जुने विधी उघडपणे परतले. पुढे २०१८ मध्ये व्हिएतनामच्या बौद्ध संघानेच विहारांत कागदी वस्तू जाळणे थांबवण्याचे आवाहन केले.

हिओनिक क्वॉन यांचे निरीक्षण (२००८) आणखी बोलके आहे. मध्य व्हिएतनाममध्ये लोक घरात पूर्वजांना उदबत्ती दाखवतात, तशीच घराबाहेर बेवारस मृतांनाही दाखवतात. त्यात मृत कोणत्या बाजूने लढला, हे पाहिले जात नाही.

बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदानाला नकार आहे. त्यामुळे तिथले पूर्वजपूजन आपल्याला खटकणारच. आपली भूमिका सोडण्याचे कारण नाही. पण थिन्ह लिएतचा धडा कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा: विधी बंद करता येतो, त्यामागचे दुःख बंद करता येत नाही. आपल्याकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, तेव्हा भाषणांच्या रांगेत घरच्यांचा शोक मागे पडत नाही ना, हे आपणच पाहिले पाहिजे.