आईच्या पोटरीवरचं जाळं

आई रात्री कामावरून आली की भिंतीला पाय लावून आडवी पडते. एकदा तिचा परकर घसरला आणि पोटरीवर जांभळ्या-निळ्या रेषांचं बारीक जाळं दिसलं. मी बघतेय हे लक्षात येताच तिने परकर सारखा केला. "काही नाही गं, वयाचं आहे." आई साड्यांच्या दुकानात काउंटरवर असते. १९ वर्षं झाली. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, हा तिथला नियम.

डॉक्टर म्हणाल्या, या स्पायडर व्हेन्स. त्वचेलगतच्या, १ मिलिमीटरहूनही बारीक शिरा. ३ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद होऊन दोरीसारख्या वर येतात, त्या व्हेरिकोज व्हेन्स. आनुवंशिकता, बाळंतपणं, हार्मोन्स, वय आणि तासन्‌तास उभं राहणं, सगळ्याचा थोडाथोडा वाटा. स्पायडर व्हेन्स बहुधा निरुपद्रवी असतात. पण आईचे पाय जड होतात, सुजतात, म्हणून त्यांनी डॉप्लर सोनोग्राफी करायला सांगितली. "उपचार केले तर या जातील," त्या म्हणाल्या, "पण नव्या येऊ शकतात."

रिक्षात आई म्हणाली, "मग काय उपयोग? परत उभंच राहायचंय ना."

मी त्या रात्री वाचत बसले, तेव्हा कळलं की असा हिशोब २१०० वर्षांपूर्वी एका रोमन सेनापतीनेही केला होता. गायस मारियस सात वेळा कॉन्सल झालेला माणूस. त्याच्या दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या होत्या. प्लूटार्कने लिहिलंय की, त्याने स्वतःला बांधून न घेता एका पायाच्या शिरा कापू दिल्या, तोंडातून आवाज काढला नाही. मग वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला, तर मारियसने नकार दिला. एवढ्या यातना सोसाव्यात असा हा इलाज नाही, असं त्याचं मत झालं. भूल तेव्हा नव्हतीच.

शिरा कापल्या जात होत्या, पण त्या का फुगतात हे कळलेलं नव्हतं. १६०३ साली इटलीतल्या पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी शिरांच्या आतल्या इवल्याशा झडपांवर पुस्तक लिहिलं. रक्ताचा लोंढा हातापायांत जाऊ नये म्हणून त्या असाव्यात, असं त्यांना वाटलं. त्यांच्याकडे शिकलेल्या विल्यम हार्वेला खरी गोष्ट उमगली: झडपा रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात. १६२८ साली त्याने रक्ताभिसरणाचा सिद्धांत छापला.

पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात. आपण चालतो तेव्हा पंप चालतो. एका जागी उभं राहिलं की तो थंडावतो, रक्त खाली साचतं, शिरांवर दाब येतो. झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त उलटं उतरतं.

१८५३च्या सुमारास इंजेक्शनची सुई आली आणि सुरीशिवाय दुसरी वाट सापडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिफिलिसची इंजेक्शनं देताना डॉक्टरांना दिसलं की, औषधाने शीरच कडक होऊन बंद पडते. हा दुष्परिणाम म्हणजेच आजची स्क्लेरोथेरपी. औषध शिरेचं आतलं अस्तर दुखावतं, भिंती एकमेकींना चिकटतात, रक्त शेजारच्या निरोगी शिरांतून जातं आणि बंद पडलेली शीर काही आठवड्यांत विरते. त्यासाठी वापरलं जाणारं पोलिडोकॅनॉल मुळात स्थानिक भूल देण्यासाठी बनवलं होतं. अगदी बारीक रेषांसाठी लेझर असतो. दोन्हींत बऱ्याचदा अनेक बैठका लागतात.

तिसरा उपाय एका रुग्णानेच शोधला. अमेरिकेतले इंजिनिअर कॉनरॅड जॉब्स्ट यांचे पाय दुखायचे, पण पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की बरं वाटायचं. पाण्याचा दाब तळाशी जास्त, वर कमी. १९५०च्या सुमारास त्यांनी तसाच, घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारा मोजा बनवला. असे मोजे दुखणं आणि सूज कमी करतात. आलेलं जाळं पुसत नाहीत.

आणि खुर्ची? ती फार उशिरा आली. केरळमध्ये कापडदुकानांतल्या बायकांनी पी. विजी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांसोबत बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. २०१८ साली तिथे दुकानात बसायची सोय देणं कायद्याने बंधनकारक झालं. २०२१ साली तमिळनाडूनेही तसा कायदा केला.

आईच्या डॉप्लरमध्ये काही निघालं नाही. मोजे आणले. इंजेक्शनचं लग्नसराईनंतर बघू म्हणाली. केरळची बातमी मात्र तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. पाय भिंतीला तसेच ठेवून तिने विचारलं, "किती जणी होत्या गं त्या?"