मोडी आणि मराठीचं तिरपं ठळक अक्षर

धाराशिव जिल्ह्यातल्या ईटसारख्या गावाच्या चौकात लागणारा वाढदिवसाचा फ्लेक्स असो की मुंबईच्या वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात, जिथे नजर खेचायची असते तिथे मराठी अक्षर जाड होतं आणि बऱ्याचदा उजवीकडे कलतं. ही इंग्रजी ‘बोल्ड इटालिक’ची नक्कल, असं सर्रास मानलं जातं. आज संगणकातून निघणाऱ्या तिरपेपणाबद्दल ते खरंही आहे. पण मराठीकडे स्वतःचं इटालिक होतं. ते म्हणजे मोडी लिपी. आणि छपाईच्या इतिहासात ते बाळबोधीच्या, म्हणजे देवनागरीच्या, शेजारी बसायचं राहून गेलं.

हे पटायला युरोपातल्या इटालिकची उत्पत्ती पाहावी लागते. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने 1501 मध्ये व्हर्जिलचं काव्य ज्या टाइपात छापलं, तो फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरला होता. सरळ रोमन अक्षर कलतं करून तो बनवलेला नव्हता. विद्वान आणि कारकून भराभर लिहीत त्या वळणावरून तो घडला होता. तेव्हा पुस्तकंच्या पुस्तकं त्याच टाइपात निघत. रोमनच्या जोडीला बसून एखाद्या शब्दावर जोर देण्याचं काम त्याच्याकडे नंतर आलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या फाउंड्र्यांनी जाहिरातींसाठी लठ्ठ अक्षरं ओतली, तेव्हा त्यांच्या तिरप्या जातीही निघाल्या. म्हणजे ठळक इटालिक हे धावत्या हस्ताक्षराचं बाजारात उतरलेलं रूप आहे.

आपल्याकडेही सावकाश आणि धावत्या अक्षराची तशीच वाटणी होती. पोथी बाळबोधीत, दप्तर मोडीत. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढी आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरं सोडत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद त्याने टाकून दिला होता, कारण वेग महत्त्वाचा. मोडी शिशात ओतताच येत नव्हती, असंही नाही. विल्यम कॅरीचा 1810 चा मराठी कोश बंगालमधल्या श्रीरामपूरला मोडी टाइपातच छापला गेला. पण मुंबईत छपाईचा जम बसला तो पंचांगं, पोथ्या आणि शाळेची पुस्तकं यांवर, आणि त्यांची लिपी बाळबोध होती. जावजी दादाजींनी 1864 मध्ये फाउंड्री काढली, 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या त्यांच्या अक्षरांचं वळण देशभर नावाजलं गेलं, पण ते वळण पोथीचं होतं. जोर द्यायचा तर जुळारी ‘ब्लॅक’चे, म्हणजे जाड अक्षरांचे, खिळे घेई किंवा मोठा पॉइंट वापरी.

तिरपा टाइप छापखान्यात रुळला नाही, यामागे माझ्या मते यांत्रिक कारणही होतं. खिळे जुळवण्याच्या डिग्री पद्धतीत मूळ अक्षर एका ओळीत आणि मात्रा, वेलांटीचा फुगा, रफार हे वरच्या वेगळ्या ओळीत जुळवले जात. अक्षर कललं की त्याचं डोकं उजवीकडे सरकतं, म्हणजे वरचा प्रत्येक तुकडाही तितकाच सरकवायला हवा. शिवाय शिरोरेखा खिळ्याखिळ्याला सांधली पाहिजे. त्यामुळे देवनागरीच्या तिरकेपणाला मोकळं रान मिळालं ते शिशाबाहेर, कुंचल्याच्या आणि ब्लॉकच्या कामात. नाटकांची शीर्षकं रेखाटणारे कमल शेडगे प्रत्येक नावासाठी वेगळं अक्षर घडवत. कल किती, जाडी कुठे, हे त्या नाटकाचा स्वभाव ठरवी. ही अक्षरं एकेका शीर्षकापुरती होती. त्यांचा टाइप होईपर्यंत संगणक आला आणि त्याने तिरपेपणाचं एक बटण देऊन टाकलं.

त्या बटणाचा दोष जवळून पाहण्यासारखा आहे. रोमन लेखणीची जाड रेघ वर डावीकडून खाली उजवीकडे येते. देवनागरीचा बोरू उलटा छाटलेला असतो, म्हणून आपली जाड रेघ वर उजवीकडून खाली डावीकडे उतरते. अक्षर यंत्राने उजवीकडे ढकललं की याच जाड रेघा आणखी आडव्या पडून बारीक होतात आणि विरुद्ध दिशेच्या बारीक रेघा उभ्या होऊन जाडावतात. म्हणजे बोरूने दिलेला तोल नेमका उलटा फिरतो. बारीक टाइपात हे खपून जातं, पण ठळक अक्षरात ‘क’ची गाठ चिणली जाते आणि ‘ळ’चा एक कान दुसऱ्यापेक्षा सुजलेला दिसतो. र. कृ. जोशी यांचा मंगल हा विंडोजमुळे घरोघरी पोचलेला फॉन्ट. त्याची खास तिरपी जात नाही, म्हणून तो तिरपा केला की पडद्यावर दिसतं ते हेच ढकललेलं रूप.

यावर आक्षेप येईल की मोडी ही बाळबोधीची जात नसून वेगळी लिपी आहे, आणि ती आज वाचतो कोण? 2023 मध्ये मराठवाड्यात मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधताना निजामकाळातल्या उर्दू कागदांसोबत मोडी वाचणाऱ्या जाणकारांची गरज पडली, इतकी ती दुर्मीळ झाली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण 1501 चं इटालिकही रोमनपेक्षा वेगळं वळण होतं. शेजारी ठेवून ठेवून ते जोडीदार झालं. आणि मोडीची सगळी अक्षरं उचलावीत असं कोणी म्हणत नाही. उचलायची ती तिची चाल: रेघेखालून निघणारा झोत, कान्यातून पुढच्या अक्षरात शिरणारं वळण, गाठीऐवजी मोकळा फास. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडी आणि देवनागरी एकत्र आणून घडवलेल्या मुक्त लिपीत हे करून दाखवलं आहे, आणि तिथे अक्षर वाचताना अडत नाही. 2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्येही जागा मिळाली. मात्रा आणि रफार अक्षरागणिक हलवण्याचं जे काम शिशाला जड जात होतं, ते आजचा फॉन्ट सहज करतो. बोरूच्या उलट्या छाटाचं भान ठेवून, मोडीच्या चालीवर रेखाटलेली ठळक तिरपी देवनागरी आता अक्षररचनाकारांनी हाती घ्यायला हवी, आणि तिचा पहिला उपयोग पुस्तकात नव्हे, फ्लेक्सवर व्हायला हवा, कारण तिची गरज सर्वांत जास्त तिथेच आहे.