उत्तराआधीच उमटणारा बदल

सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता पडद्यावर बदल दाखवून टाकायचा, ही युक्ती वेबच्या आधी खेळांत रुळली. १९९६ साली जॉन कारमॅक यांच्या ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये खेळाडूची हालचाल आधी त्याच्याच संगणकावर दिसू लागली, डायल-अपवर त्यावाचून खेळणे ही शिक्षाच होती.

वेबवर तेव्हा क्लिकगणिक अख्खे पान नव्याने उतरत असे. पुढे २००५ मध्ये ‘एजॅक्स’ असे नाव मिळालेल्या तंत्राने पानाचा तेवढाच तुकडा बदलता येऊ लागला, तरी गोल फिरणारे चक्र काही हटेना. मोबाइलच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर्कवर ते फारच खुपू लागले. इन्स्टाग्रामचे माइक क्रीगर यांनी २०११ मध्ये उपाय मांडला: लाइक लगेच उमटू द्यायचे, सर्व्हरला मागाहून कळवायचे, फोटोखाली ओळ लिहिली जात असतानाच फोटो चढवायला घ्यायचा.

खरी मेख नकारात आहे. सर्व्हर नाही म्हणाला, तर दाखवलेला बदल मागे घ्यावा लागतो, आणि तोवर वापरणारा पुढे सरकलेला असतो. ‘मॉश’ या २०१२ च्या टर्मिनल प्रोग्रामची तोड अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल: संथ जोडणीवर खात्री न झालेली अक्षरे तो अधोरेखित दाखवतो. वेबपाने घडवण्याच्या लायब्ररीत, २०२४ च्या ‘रिअ‍ॅक्ट १९’मध्ये उत्तराआधीच बदल दाखवण्यासाठी ‘यूजऑप्टिमिस्टिक’ हे तयार फंक्शन (हूक) आले. काम फसल्यास जुनी स्थिती तेच परत आणते.